दोन राण्या, अठरा चेहरे

पहाटेचे तीन वाजले होते आणि समोर बहिरेपण नाचत होतं.

त्याच्या लाकडी चेहऱ्यावर नाग चढलेला, डोळे बटबटीत, तोंड वेडंवाकडं. अंगणात आल्या आल्या त्यानं ढोलकऱ्यासमोर मान वाकवली. ढोलकऱ्यानं विचारलं, “कुठून आलास रे?” त्यानं उत्तर दिलं, “नाही, अजून जेवलो नाही.” “कशाला आलास?” “दोन भाऊ आहेत, थोरला मासे धरतो.” माडाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली बसलेले सत्तर-ऐंशी लोक खदखदून हसले. माझ्या शेजारची मैत्रीण एकेक वाक्य कानात उलगडून सांगत होती, आणि तिलाही हसू आवरत नव्हतं. मी मात्र हसायचं सोडून एका चटईकडे बघत होते. तिच्यावर पांढऱ्या कपड्यातली तिशीची एक बाई बसली होती. संध्याकाळी सातपासून ती तशीच बसलेली. पाच महिने ती कुणाशी बोललेली नव्हती. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता.

हे श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या अंबलंगोडजवळचं एक खेडं. कोलंबो फोर्टहून दक्षिणेकडे सुटलेली गाडी थोड्याच वेळात समुद्राला लागते आणि उजव्या खिडकीतून तो समुद्र पुढे हलतच नाही. रूळ आणि लाटा यांच्यामध्ये कुठे माडांची एखादी रांग, कुठे तीही नाही. मी गुहागरची. समुद्र, माड, लाल माती, कौलं हे सगळं माझ्या घरचंच. तरीही त्या गाडीत अंगावर काटा आला, कारण अंबलंगोडच्या पुढे, हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिय नावाचं गाव आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीनं तिथे ‘समुद्रदेवी’ नावाची भरलेली गाडी उचलून फेकली आणि हजाराहून जास्त माणसं एका जागी गेली. त्याच रुळांवरून आजही लोक ऑफिसला जातात, खिडकीशी बसून शेंगदाणे खातात.

मला बोलावलं होतं ते कोलंबोत भाषा शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं. ती मला अक्का म्हणते. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी तिची झाले होते. तिच्या आजोळच्या नात्यात एका घरी ‘सन्नी यकुम’ घालणार होते. “ये, पण झोपायचं नाही,” एवढंच तिनं बजावलं होतं.

‘सन्नी’ हा शब्द ऐकून मी तिला दोनदा म्हणायला लावला. आमच्याकडे तापात माणूस बरळायला लागला की आजी हलक्या आवाजात म्हणायची, “सन्निपात झालाय.” वात, पित्त, कफ तिन्ही एकदम बिघडले की सन्निपात, हे आपल्याकडचं जुनं वैद्यक. तोच शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिथे त्याला हातपाय फुटले, डोळे फुटले, सुळे आले. सिंहली माणसांनी सन्निपाताचा ‘सन्निय’ केला आणि एका सन्नियाचे अठरा केले. ‘यकुम’मधला ‘यक’ म्हणजे आपला यक्ष. फक्त आपला यक्ष मेघाला निरोप सांगणारा विरही. त्यांचा यक्ष अंधारात चौरस्त्यावर, स्मशानात, ओढ्याकाठी उभा राहून एकट्या माणसावर नजर टाकणारा. त्या नजरेला म्हणतात ‘दिष्टी’. आपली दृष्ट. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकणारी माझी आजी त्या अंगणात असती तर तिला दुभाष्याची गरज पडली नसती.

त्या अठरांची ओळख करून घ्यायची असेल तर आधी अंबलंगोडच्या आरियपाल मुखवटा संग्रहालयात जावं. १९८७ साली सुरू झालेलं हे संग्रहालय लहानसंच आहे, पण भिंतीवरून अठरा आजार एकदम आपल्याकडे बघायला लागले की पाय जागच्या जागी थांबतात. काण सन्निय हा आंधळेपणा, त्याच्या डोळ्यांच्या जागी बघणारे डोळेच नाहीत. कोर सन्निय हा लुळेपणा, त्याचा अर्धा चेहरा खाली ओघळलेला, तोंड एका कानाकडे ओढलेलं. अर्धांगवायू झालेलं माणूस ज्यानं घरात पाहिलंय त्याला तो चेहरा ओळखायला चिठ्ठी वाचावी लागत नाही. अमुक्कु सन्निय म्हणजे ओकारी आणि पोटाचे विकार, हिरवट चेहऱ्याचा, जीभ बाहेर. गोळु मुका, बिहिरी बहिरा. नाग सन्नियाच्या डोक्यावर फणे, कारण तो स्वप्नात साप दाखवतो. पिस्सु हा वेडाचा. मूर्तू हा शुद्ध हरपवणारा. मरू हा मरणाच्या दारातल्या बरळण्याचा. आणि मग वात सन्निय, पित् सन्निय, सेम सन्निय. सेम म्हणजे श्लेष्मा. वात-पित्त-कफ! आपल्याकडे ज्यांना कधी रूप नव्हतं, जे नुसते नाडीवर बोट ठेवून कळायचे, ते तीन दोष तिथे भिंतीवर खिळ्याला टांगलेले होते. आयुर्वेद शिकलेल्या माझ्या भावाला मी तिथूनच फोटो पाठवला. त्याचा उलट फोन आला आणि तो बराच वेळ काही बोललाच नाही.

मधोमध त्यांचा राजा, महा कोल सन्निय. माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारी एक भलीमोठी फळी, मध्ये सुळ्यांचा चेहरा, नागांची दाटी आणि दोन्ही अंगांना नऊ-नऊ लहान चेहरे. सगळ्या आजारांचा बाप आपल्या पोरांना कडेवर घेऊन उभा असावा तसा.

अठराच का, असं मी विचारलं. त्याला समाधानाचं उत्तर मिळालं नाही, पण मराठी माणसाला ते शोधायची फार गरजही नाही. अठरा पुराणं, अठरा पर्वं, अठरापगड जाती, अठरा धान्यांचं कडबोळं, अठराविश्वे दारिद्र्य. आपल्याकडे अठरा म्हणजे ‘सगळे मिळून’. तिथेही तसंच असावं, कारण संख्या पक्की असली तरी नावं पक्की नाहीत. संग्रहालयातली यादी एक, मुखवटे कोरणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं बोटांवर मोजून दिली ती दुसरी, आणि मैत्रिणीच्या मामांनी सांगितली ती तिसरी. एका यादीतला देव सन्निय दुसरीत नव्हता. तिसरीत भूत आणि अभूत असे दोन होते, बाधेनं येणारं वेड आणि बाधेवाचून येणारं वेड. वेडाचे असे दोन भाग पाडणाऱ्या त्या जुन्या, निनावी डोक्याला मी तिथेच हात जोडले. हे देवतामंडळ कुणा एकानं एका बैठकीत रचून पुरं केलेलं नाही. नवा आजार आला की जागा करायची, जुना विसरला की त्याची खुंटी दुसऱ्याला द्यायची.

मात्र दोन चेहऱ्यांपाशी मन आक्रसलं. देमळ सन्निय आणि वेद्दी सन्निय. देमळ म्हणजे तमिळ. वेद्दा म्हणजे त्या बेटावरचे मूळचे रानवासी. वाईट स्वप्नं आणि साथ यांना चेहरा द्यायची वेळ आली तेव्हा शेजाऱ्याचा चेहरा उचलला गेला. ज्या देशात १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षं सिंहली आणि तमिळ यांच्यात युद्ध पेटलेलं होतं, तिथे भिंतीवरचा तो मुखवटा नुसता जुन्या काळची गंमत म्हणून बघता येत नाही. मैत्रीण स्वतःच म्हणाली, “हा आमचा आजार आहे, त्यांचा नाही.” तिचं म्हणणं मला पटलं. परक्याला भूत करण्याची खोड जगातल्या सगळ्या गावांना आहे. आपल्या गावगाड्यातल्या भुतांच्या जाती आठवून बघा.

आता अंगणाकडे.

संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा केळीचे सोट चिरून, कोवळ्या झावळ्या विणून मखरं उभी केली होती. आपल्याकडे गौरी-गणपतीला दुपारभर बसून माटोळी बांधतात, तशीच घाई, तशीच आरडाओरड, पोरांचं मध्ये मध्ये येणं. ज्यांच्या हातात रात्र होती ते मुख्य गृहस्थ साठीचे, काटक. असा विधी करणाऱ्याला ‘यकैदुरा’ म्हणतात, पण हाक मारताना सगळे ‘गुरुन्नान्से’ म्हणत. ही विद्या बहुतेक करून बेरवा जातीच्या घरांत बापाकडून मुलाकडे येते. ‘बेर’ म्हणजे ढोल, आपली भेरी. ज्यांना पूर्वी गावात खालची जागा होती, त्यांच्याच दारी गावाला आजारपणात जावं लागायचं. ही गोष्टही आपल्याला परकी नाही.

आधी बुद्धवंदना झाली. हे कुणालाही चुकत नाही. यक्ष कितीही दांडगे असले तरी ते वैश्रवणाच्या, म्हणजे कुबेराच्या हुकमाखाली आहेत, आणि कुबेर बुद्धाच्या आज्ञेत. आजार पाडायचा तर त्यांनाही परवानगी लागते. तिला ‘वरम’ म्हणतात, वर. म्हणजे बाधेलासुद्धा हद्द आहे, मुदत आहे, वरिष्ठ आहेत. हे मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मला केवढा धीर आला! आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढलेल्या कुणालाही तो येईल.

मग ढोल सुरू झाले. ‘यक्बेर’ हा लांबट ढोल कमरेला आडवा बांधतात आणि दोन्ही तोंडांवर हातानं वाजवतात. त्याचा आवाज कानात येत नाही, बरगड्यांत येतो. एक एक नर्तक पलिते घेऊन आला, कुणी मडकं घेऊन, कुणी कोंबडा, कुणी शहाळं. त्या आठ प्रवेशांना ‘पालिय’ म्हणतात आणि ते पुढच्या अठरांची वाट झाडतात. कोंबड्याचे पाय बांधून त्याला चटईजवळ ठेवला, पण मारला नाही. मध्येच नर्तकानं मूठभर पूड पलित्यावर फेकली आणि माणसाएवढा जाळ भपकन वर गेला, पोरं किंचाळली. ती पूड ‘दुम्मल’. राळच ती! ‘राळ उडवणे’ हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर वापरला होता. राळ उडताना चेहऱ्याला झळ लागते, आणि डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत तो जाळ दिसत राहतो, हे मला त्या रात्री कळलं.

मध्यरात्रीपर्यंत मी घाबरलेलीच होते, हे सांगायला हवं. चटईवरची बाई थरथरत होती. अंधारातून ओरडत कुणीतरी धावत यायचं, तिच्यापासून हातभर अंतरावर थांबायचं, आणि त्या भपक्यात लाकडी सुळे चमकायचे. तिला बरं करायला आणलंय की उरलीसुरली शुद्ध घालवायला, असं वाटून मी उठून जायच्या बेतात होते. मैत्रिणीनं हात धरून बसवलं.

आणि मग तो पालट झाला, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

ज्या यक्षांना घाबरून आम्ही अंग चोरलं होतं, तेच एकेक करून मुखवटे चढवून परत येऊ लागले आणि त्यांची फजिती सुरू झाली. मुका आला. तो हातवारे करी आणि ढोलकरी मुद्दाम भलताच अर्थ लावी. मुक्यानं पोटावर हात ठेवला की ढोलकरी म्हणे, “अभिनंदन, कितवा महिना?” आंधळा आला आणि काठी टेकत थेट स्वयंपाकघराकडे निघाला, बायकांनी त्याला पळीनं पिटाळलं. ओकारी आली तिला कुणीतरी म्हणालं, “आमच्याकडचं जेवण एवढं वाईट नाही हो.” प्रत्येक जण आधी मोठ्या रुबाबात यायचा, मी अमका, मी तमक्याला खाल्लं. मग बुद्धाचं नाव ऐकून दचकायचा. मग भीक मागायचा, सौदा करायचा, पानसुपारी-भात-फुलं जे मिळेल ते घ्यायचा आणि “जातो, हिला सोडून जातो” असं कबूल करून निघायचा. अठरांपैकी त्या रात्री अकराच आले, असं नंतर कळलं. नाचणारे तिघेच होते, दर खेपेला मागे जाऊन मुखवटा बदलून येत. पण पाचव्या-सहाव्यानंतर मी मोजणं सोडलं होतं.

मला शिमग्यातला संकासुर आठवत होता. काळे कपडे, डोक्याला उंच टोकाची टोपी, लांब दाढी, कमरेला घुंगुर. खेळे दारात आले की मी आजीच्या पदरामागे. आणि थोड्या वेळानं तोच असुर असं काही करायचा की मीच हसत पुढे यायची. आजी दर वर्षी मला ओढून पुढे का करायची, ते चाळीस वर्षांनी परक्या अंगणात उमगलं. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात सोंगं नाचतात तिथेही मुखवट्यापुढे लोक हात जोडतात आणि चेष्टाही करतात. पण आजारांनाच ओळीनं सोंग देऊन, त्यांना उलटतपासणीला उभं करण्याची कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नाही. ती तिथे सुचली आणि त्यांनी ती शेवटाला नेली.

हे का? त्याचं उत्तर एका शब्दात आहे आणि तो शब्द मला त्या बेटानं दिलेली सगळ्यात मोठी देणगी आहे. ‘तनिकम’. तनि म्हणजे एकटं. सिंहली लोकांच्या समजुतीनं यक्षाची नजर बाधते ती एकट्या माणसाला. नुसतं वाटेनं एकटं जाणारं नव्हे, मनानं एकटं पडलेलं. ‘तनिकम दोस’ म्हणजे एकटेपणाचा दोष, आणि तो झाला की माणूस यक्षांच्या जगात अडकतो, चारचौघांचं जग त्याला दिसेनासं होतं. त्याला परत आणायचं तर दोनच गोष्टी लागतात. ज्याला तो एकटाच बघतोय ते भय सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आणायचं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला हसायचं. हसणं एकट्याचं नसतं. ब्रूस कॅप्फरर या मानववंशशास्त्रज्ञानं याच किनाऱ्यावरच्या विधींवर १९८३ मध्ये ‘अ सेलिब्रेशन ऑफ डीमन्स’ हे पुस्तक लिहिलं, त्यातही विनोदाच्या या भागाला तो फार मोठं स्थान देतो. गणनाथ ओबेसेकर यांनीही सन्नी यक्षांच्या नाट्यावर लिहिलं आहे. पण मला ते पुस्तकांआधी त्या चटईवर दिसलं.

बहिरा जात होता. जाता जाता त्यानं वळून त्या बाईला विचारलं, “माझं नाव काय?” ढोलकरी ओरडला, “बिहिरी!” तो म्हणाला, “काय? मिरची?” आणि ती बाई हसली. आवाज झाला नाही, नुसते खांदे हलले. तिच्या सासूनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. ढोल क्षणभर चुकला असं मला वाटलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी बोट दाखवलं नाही. पुढचा मुखवटा आला आणि खेळ चालू राहिला. त्या माणसांचा तो समजूतदारपणा मी विसरणार नाही.

पहाटे गुरुन्नान्सेंनी या सगळ्यांची जन्मकथा गायली. कथा आहे विशाला महानगराची, म्हणजे आपल्या वैशालीची. राजाचे कुणीतरी कान भरले आणि त्यानं गरोदर राणीवर संशय घेतला. तिला देहदंड झाला. तिच्या पोटचं पोर तरीही जन्मलं, आईच्या प्रेतावर वाढलं, आणि मोठं झाल्यावर विषाचे गोळे करून त्यांतून त्यानं यक्ष उठवले. त्या यक्षांना घेऊन तो बापाच्या नगरावर चालून गेला. तोच कोल सन्निय. नगर ओस पडत चाललं तेव्हा बुद्ध तिथे आला आणि त्यानं त्याला शांत केलं.

आणि याच किनाऱ्यावर मुखवट्यांची आणखी एक कथा सांगतात, ‘कोलम’ नावाच्या त्यांच्या मुखवटा-नाट्याच्या जन्माची. महासंमत राजाची राणी गरोदर राहिली आणि तिला डोहाळे लागले, मुखवट्यांचा नाच बघायचे. सिंहलीत डोहाळ्यांना ‘दोळदुक’ म्हणतात, ऐकताच कळावं इतकं जवळचं. असा नाच कुणी पाहिलेलाच नव्हता. राणी खंगत चालली. शेवटी विश्वकर्म्यानं, तिकडच्या विस्कम देवानं, एका रात्रीत मुखवटे कोरून राजाच्या बागेत ठेवले आणि राणीचे डोहाळे पुरले.

या दोन कथा तिथे वेगवेगळ्या सांगतात, वेगवेगळ्या खेळांच्या. मी त्या एकाच रात्री ऐकल्या म्हणून असेल, मला त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. एका गरोदर बाईला संशय मिळाला आणि आजार जन्मले. दुसरीच्या मनातलं कुणीतरी ऐकलं आणि मुखवटे जन्मले. चटईवरच्या बाईची हकीकत मला नंतर मैत्रिणीनं सांगितली, ती मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की तीही पहिल्या राणीकडून दुसऱ्या राणीकडे जाण्याचीच होती.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर भलता समज होईल. त्या घरानं बाईला आधी दवाखान्यात नेलं होतं. औषध चालूच होतं, पुढेही चालू राहणार होतं. अर्धांगवायूवर मुखवटा नाचवा असं तिथे कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण गोळी घेऊन घरी आलेल्या माणसाला चारचौघांत परत बसवायचं काम कुणाचं, हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला आहे आणि त्यासाठी रात्रभर जागायला सत्तर-ऐंशी माणसं आपणहून येतात. आपल्याकडे अशा बाईच्या घरचे लोक दार लावून घेतात. शेजाऱ्यांना ‘तिला बरं नाही’ एवढंच कळतं. यात आपण मागे आहोत, हे मी पूर्ण विचारानं लिहिते.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोप काढून अंबलंगोडला परत गेले ते त्या म्हाताऱ्या कारागिराकडे. मुखवट्यांचं लाकूड कदुरूचं. पाणथळ जागी वाढणारं, मऊ, वजनाला हलकं, नाहीतर तोंडावर बांधून नाचणार कसं? ओंडका तोडून धुरावर सुकवतात, मग छिन्नी लागते. त्यांच्या झोपडीत चुलीवरच्या माळ्याला दहा-बारा कच्चे चेहरे धूर खात बसले होते, अजून कोण व्हायचं ते न ठरलेले. पूर्वी पिवळ्यासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ, पांढऱ्यासाठी माती वापरत. आता डब्यातले रंग आलेत. रस्त्यावरच्या दुकानांत चकचकीत मोर आणि नागांचे मुखवटे टांगलेले असतात, खाली पाटी: हा भरभराटीचा, हा शांतीचा, हा वाईट नजरेचा. पर्यटकाला आजार विकत घ्यायचा नसतो, म्हणून मुखवट्यांना नवी कामं लावली आहेत. मला ते आवडलं नाही. म्हाताऱ्यानं मात्र खांदे उडवले. पोट त्यावर भरतं, आणि ते भरलं तरच सन्नी कोरायला हात उरतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नव्हता.

त्याच्या मांडीवर एक तांबडा चेहरा होता, कपाळावरून ज्वाळा उठलेल्या. गिनिजल सन्निय, कडक तापाचा, मलेरियाचा. १९३४-३५ च्या साथीत मलेरियानं या बेटावर सुमारे ८०,००० माणसं नेली होती. आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचं जाहीर केलं. डासांच्या मागे दशकानुदशकं लागून, घरोघर फिरून, एकेक रुग्ण शोधून त्यांनी तो आजार घालवला. मी म्हाताऱ्याला म्हटलं, हा यक्ष तर गेला, मग याचा चेहरा आता कशाला? त्यानं छिन्नी बाजूला ठेवली, ज्वाळांमधला भुसा फुंकून काढला आणि म्हणाला, “पाहुणा गेला म्हणून त्याचं नाव पुसतात का? परत दारात उभा राहिला तर ओळखायला नको?”

तो मुखवटा मी मागितला नाही. एका गावातून त्याला मागणी आली होती, पुढच्या महिन्यात नाचायला जायचा होता.

मैत्रिणीचं पत्र अधूनमधून येतं. त्या घरची बाई आता थोडं थोडं बोलते, असं मागच्या पत्रात होतं.

तुम्ही श्रीलंकेला जाल. सीता एलिया, कँडी, गाल्ल, हे सगळं बघालच. गाल्लला जाताना गाडी अंबलंगोडला थांबते, तिथे उतरा. संग्रहालय बघून झालं की एखाद्या कारागिराच्या ओट्यावर बसा आणि त्याला अठरांची नावं विचारा. तो जी सांगेल ती यादी पुढच्या ओट्यावर जुळणार नाही. दोन्ही लिहून घ्या.